दरवाजा पाणी पितो

"बसा ना," युला म्हणाली. "क्लोव्हिस येईलच इतक्यात."

क्लोव्हिस मी आहे.

मी बसलो. बसा म्हटलं की माणूस बसतो. हातातली पावाची पिशवी मांडीवर घेतली, परक्याच्या घरी घेतात तशी, आणि मग आठवलं की पाव याच घरासाठी आणलाय. बसलो तोही खिडकीकडच्या खुर्चीवर. चर्चचे फादर येतात तेव्हा तिथं बसतात. वादळानंतर छपराचं नुकसान बघायला आलेला विम्याचा माणूस तिथंच बसला होता. मी त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. तिथून स्वयंपाकघर वेगळंच दिसत होतं. फ्रीजची डावी बाजू दिसत होती, तिला एक पोचा होता, तो मला ठाऊक नव्हता. गॅरेजकडचं दार बरोबर समोर होतं, आत्ताच मी ज्यातून आत आलो ते, आणि युला मधूनमधून त्या दाराकडे बघत होती, म्हणून मीही बघू लागलो. तिनं वरच्या फळीवरून सोनेरी काठाचा छोटा कप काढला, पाहुण्यांचा. माझा कानतुटका मग सिंकशेजारी पालथा पडला होता. "साखर किती?" तिनं विचारलं. उभ्या संसारात हा प्रश्न तिनं मला कधी विचारला नव्हता. मी बिनसाखरेची पितो. "दोन चमचे," मी म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. "लांबून आलात?" "नाही, इथलाच." "प्लांटवर असता का क्लोव्हिसबरोबर?" "होतो." "मग तुम्हाला ठाऊकच असेल. शिफ्ट सुटली की हा माणूस इकडेतिकडे कुठं जात नाही. सरळ घरी." तिच्या आवाजात अभिमान होता, तो माझ्याबद्दल होता, आणि मला त्या माणसाचा हेवा वाटला.

पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

मी रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला जातो. पाव लागतोच असं नाही. प्लांटमधून निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की त्या वेळेला घरात बसवत नाही, शरीर आपोआप घरी यायला निघतं, आणि घरीच असलं तर त्याला निघायला जागा नसते. म्हणून गाडी काढायची, तळ्याकाठच्या रस्त्यानं जायचं, पाव घ्यायचा, परत यायचं. गॅरेजचा दरवाजा वर करायचा, गाडी आत, स्वयंपाकघराचं दार, युला. युलाचं मन विसकटायला लागल्यावर तर ही फेरी मी चुकवली नाही. सकाळी ती मला कधी कधी तिच्या मामाच्या नावानं हाक मारायची, दुपारी कधी नुसती बघत राहायची, पण संध्याकाळी मी बाहेरून आलो की उठायची, ॲप्रनला हात पुसायची, दार उघडायची आणि म्हणायची, "आलास, शा?" शा म्हणजे लाडक्या. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला, नातवाला, कोळंबी विकणाऱ्यालासुद्धा शा म्हणतात, पण तो शा वेगळा. त्या संध्याकाळीही मी तसाच आलो. दरवाजा वर केला, गाडी आत घेतली, दार उघडलं. दार मी उघडलं. तिनं नाही. हे मला तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं, त्या खुर्चीवर बसून दोन चमचे साखरेची कॉफी पिताना, आणि लक्षात आलं तरी त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

कारण रविवारी रोशेल येणार होती. रोशेल आमची मुलगी, ह्यूस्टनला असते. ईस्टरला आली होती तेव्हा गॅरेजमध्ये उभी राहून तिनं दरवाज्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. बोट काळं झालं होतं. "डॅडी, ही बुरशी आहे. ममा याच हवेत श्वास घेते." मी म्हटलं, सायप्रसचं लाकूड आहे, सायप्रसला काही होत नाही. ती म्हणाली, "ममा मला उना म्हणते. उनामावशी जाऊन किती वर्षं झाली? मी काही बोलले का? नाही. पण तुम्हाला ज्या दिवशी ती ओळखणार नाही ना, त्या दिवशी मी तिला घेऊन जाणार. माझ्या घराजवळ जागा बघून ठेवलीय. चांगले लोक आहेत. तुम्ही एकट्यानं हे नाही करायचं." मी हो म्हणालो. हो म्हणायला काही वाटलं नाही. युला मला ओळखणार नाही हे वाक्य मला तेव्हा समजलंच नव्हतं. वाक्याची दोन टोकं कळत होती, मधलं कळत नव्हतं. रोशेल गेल्यावर मी त्या काळ्या बोटाचाच विचार करत बसलो आणि ठरवलं, ती पुढच्या वेळी येईल तेव्हा दरवाजा असा असेल की बोट फिरवलं तर तिचंच बोट स्वच्छ होईल.

दरवाजा युलाच्या बापानं केलेला. थिओफिलनं. आमच्या लग्नाच्या वर्षी त्यानं बायूच्या काळ्या, संथ पाण्यातून बुडालेला ओंडका वर काढला, त्याच्या आज्याच्या काळात तोडलेला आणि बुडून राहिलेला, आणि त्याच्या फळ्या कापल्या तेव्हा आतलं लाकूड मधासारखं निघालं. त्याचे त्यानं चार आडवे पट्टे केले, बिजागऱ्यांनी जोडले आणि रुळावर चढवले. वर सरकणारा एवढा जड दरवाजा आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता. मी विचारलं, "रंग कुठला लावायचा?" थिओफिलनं माझ्याकडे असं बघितलं की मुलगी परत नेतो की काय. "सायप्रसला रंग? रंग टेक्सासच्या लोकांना लाव, त्यांना गरज आहे." म्हणून रंग कधी लागला नाही. आमच्याकडे कुणीच लावत नाही. बुडालेलं सायप्रस शंभर वर्षं पाण्यात कुजलं नाही, त्याला हवेतलं पाणी काय करणार, असंच सगळे धरून चालतात. पण पाण्यात राहणं वेगळं आणि पाण्याची वाफ रोज पिणं वेगळं, हे मला या वर्षी कळलं. मे महिना लागला की आमच्या हवेचं वजन होतं. सकाळी शर्ट घालावा तर तो आधीच कुणीतरी घातलेला असतो. समुद्राकडून वारा येतो तो मीठ घेऊन येतो. आणि दरवाजा पाणी पितो. वरून नाही, समोरून नाही. खालच्या कडेतून. फळीच्या कापलेल्या टोकाला लाखभर बारीक तोंडं असतात, ती उघडी राहिली की लाकूड खालून पीत राहतं, फुगतं, आणि डावीकडच्या चौकटीला जाऊन भिडतं.

आधी खालची कड. रंगाच्या दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं आणि मी ते मनाशी म्हणत कामाला लागलो. आधी खालची कड. पट्टे एकेक करून उतरवले. गॅरेजमध्ये पंखा आणि हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावलं. यंत्राची बादली रोज भरायची, मी ती अंगणात ओतायचो, आणि मला वाटायचं, ही आमचीच हवा आहे, मी बादलीनं फेकतोय. लाकूड वाळलं. बुरशी घासून काढली. डावी कड जिथं चौकटीला घासून गुळगुळीत झाली होती तिथं रंधा मारला, मधासारख्या साली निघाल्या, त्यांचा वास घरभर झाला. मग प्रायमर, मग रंग, सहाही बाजूंना. समोर, मागे, डावी, उजवी, वर आणि खाली. खाली तर तीनदा. बिजागऱ्यांवरचा गंज काढला. लोखंडी चाकं टाकून नायलॉनची घातली. त्यांना ग्रीस नाही लावायचं, ग्रीस धूळ धरतं, सिलिकॉन फवारायचं. तळाला नवी रबरी पट्टी. या दिवसांत मात्र मी पाव आणायला गेलो नाही. युला मधूनमधून गॅरेजच्या दारात यायची, चष्म्यावर वाफ धरायची, ती तो पुसायची आणि मला विचारायची, "पप्पा कुठं गेले? तुम्हाला एकट्याला ठेवून गेले?" मी म्हणायचो, "येतील, लाकूड आणायला गेलेत." मला वाटलं, उन्हाळ्याचं असतं असं. मला वाटलं, दरवाजा झाला की मी पुन्हा बाहेरून येईन आणि ती म्हणेल, आलास, शा? आणि गुरुवारी दरवाजा झाला. एका हातानं वर गेला. तळ्यावर बगळा उतरतो तसा खाली आला. मी तो उगाचच चार-पाच वेळा वरखाली केला. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. मग गाडी काढून पाव आणायला गेलो, परत आलो, आणि

"बसा ना," युला म्हणाली.

शुक्रवारी मी शोधत होतो. काय हरवलं ते ठाऊक नसताना शोधणं म्हणजे घरभर नुसतं उभं राहणं. मी विचार केला, ती मला कशावरून ओळखत होती? चेहऱ्यावरून, असं कुणीही म्हणेल. पण चेहरा तर मी सकाळपासून घेऊन फिरत होतो. मग वेळेवरून? वेळ तीच होती. मी प्लांटचा जुना शर्ट काढला, खिशावर नाव शिवलेला. तो घालून, जेवणाचा डबा हातात घेऊन, गाडी गल्लीला एक वळसा घालून परत आणली. युला खिडकीशी होती. "आलात का परत? तो अजून नाही आला हो." तिनं शर्टावरचं नाव वाचलं आणि हसली. "तुम्हीपण क्लोव्हिसच? मग तर गंमतच आहे." मी पुन्हा गेलो. जड बूट घातले, जिन्यावर वाजतील असे. आमच्याकडे जिना नाही, दोन पायऱ्या आहेत, त्या मी जोरानं चढलो. हॉर्न वाजवला. प्लांटमध्ये असताना अंगाला जो वास यायचा, सल्फर आणि गरम लोखंडाचा, ज्याबद्दल ती नाक मुरडायची, तो मला कुठून आणता येईना. युला वैतागली नाही. पाहुणा विचित्र आहे, वारंवार येतो-जातो, हे तिनं स्वीकारलं होतं. तिनं माझ्यासमोर भात आणि ग्रेव्हीची ताटली ठेवली. तिनं स्वतःपुरती वाढली नाही. "मी क्लोव्हिसबरोबर जेवते," ती म्हणाली. "पण तुम्ही घ्या. गार होईल." मी जेवलो. ग्रेव्ही चांगली झाली होती. मी तिला सांगितलं, ती लाजली. मग आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेर अजून उजेड होता, घामट, पिवळा. ती दाराकडे बघत होती. आणि मी खरं सांगतो, थोड्या वेळानं माझेही कान लागले. उशीर होत होता. त्यानं एव्हाना यायला हवं होतं. बिचारी जेवायची थांबली होती.

रागही आला. कुणाचा ते कळेना.

शनिवारी सकाळी मी दरवाजा उघडा टाकून गॅरेजमध्ये खुर्ची घेऊन बसलो. आमच्या गल्लीत दरवाजा वर असला की माणूस घरी आहे आणि बोलायला मोकळा आहे असं धरतात. शेजारची मिस क्लोटील, आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात, कुत्र्याला घेऊन आली. नव्वदीला टेकलीय पण जीभ अजून धारदार. कुत्र्याचं नाव गॅस्टन, म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा.

"काय रे क्लोव्हिस, मेलास की काय?"

"का?"

"गॅस्टनला तसंच वाटतंय. किती दिवस झाले, संध्याकाळ झाली की कुंपणाशी जाऊन बसतो, तोंड वर करतो, आणि गायला सुरुवातच होत नाही त्याची. सूर देणारा कुठं गेला म्हणून माझ्याकडे बघतो."

"कुठला सूर?"

"हा बघा! अरे, तुझा दरवाजा. सगळी गल्ली त्यावर घड्याळ लावायची. मेलेल्या मगरीला उठवेल असला आवाज. माझा नवरा म्हणायचा, थिओफिलनं दरवाजा नाही केला, मगर टांगली. मला तर बरं झालं बाई, शांत झोप लागते. पण या गाढवाची पंचाईत झाली. रंग छान लावलायस. टेक्सासमधून आणलास?"

मी हसलो असणार. ती गेली. मी दरवाजा खाली केला. वर केला. खाली केला. काही ऐकू आलं नाही. तो वर जात होता आणि खाली येत होता, आणि जणू तो तिथं नव्हताच. फुगलेली कड चौकटीला घासायची तेव्हा आधी खोलवर, पोटातून, एप्रिलमध्ये नर मगरी बायूमध्ये घुमतात तसा दरवाजा घुमायचा, मग वर चढता चढता तो आवाज फाटायचा, पातळ व्हायचा, आणि शेवटी छताशी ठप्प. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. मी त्याच्या आत होतो, दोन्ही हात दरवाज्याला, डोक्यात दिवसभराची मशीनं. तो आवाज माझा नव्हता, तो मी येण्याचा होता. आणि युला आत असायची, आणि ती उठायची. मग मला तिचा चष्मा आठवला. आतली गार हवा, गॅरेजमधली वाफ. दार उघडलं की क्षणात तिच्या काचा पांढऱ्या व्हायच्या आणि ती आंधळ्यासारखी हसत उभी राहायची, आलास, शा? आणि मी तिच्या गालाला ओठ लावून आत जायचो. ती काचा पुसायची तोवर मी हात धूत असायचो. म्हणजे तिनं मला कधी बघितलंच नव्हतं. येताना. रोज, एवढ्या वर्षांत, ती ज्याला शा म्हणाली तो पांढऱ्या वाफेतला एक आवाज होता. मग मी कोण होतो, जो हात धूत होता? की त्या दोघांची रोज माझ्याआधी गाठ पडायची आणि मी मागाहून घरात शिरायचो?

नळी आणली. पाणी मारलं. आधी खालची कड. वाकून, गुडघ्यावर बसून, दरवाजा हातभर वर धरून मी त्या कडेवर पाणी मारत राहिलो, पी, मी म्हणत होतो, पी की, इतकी वर्षं प्यालास. पाण्याचे मणी झाले आणि ओघळून गेले. काम चोख झालं होतं. तीन हात दिले होते. तासलेल्या साली शोधल्या, कडेला चिकटवता येतील म्हणून. त्या युलानं उशीच्या अभ्र्यात भरून कपाटात ठेवल्या होत्या, कसर लागू नये म्हणून, तिची आई ठेवायची तशा. एक साल चौकटीच्या फटीत घातली आणि दरवाजा वर केला. कुणीतरी कागदावर नख ओढल्यासारखं झालं. रंग खरवडायला पत्रा हातात घेतला आणि मग नुसता हिशेब केला: आज खरवडलं तरी लाकूड प्यायला लागेल, फुगेल, भिडेल, ते पावसाळी वादळं येऊन गेल्यावर. रोशेल उद्या येणार होती. मी पत्रा खाली ठेवला. युला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिनं काच सरकवली. "अहो, उन्हात कशाला? आत या. तो आला की तो बघेल काय ते दरवाज्याचं. त्याला समजतं त्यातलं."

रविवारी मी चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला गेलो नाही. युलाला मीच निळा ड्रेस काढून दिला, तिनं संकोचानं घेतला आणि दार लावून घातला. मग तिनं मला खिडकीकडच्या खुर्चीवर बसवलं, सोनेरी काठाचा कप, न विचारता दोन चमचे. मी त्या कॉफीला सरावलो होतो हे माझ्या लक्षात आलं. "तुमच्या घरी वाट बघत असतील," ती म्हणाली. सौम्यपणे. मी निघावं असं तिला वाटत होतं का? "माझी मुलगी येणारेय," मी म्हणालो. "असं? छान. मुली चांगल्या. आमचीपण आहे, लहान आहे अजून. भारी नकलाकार आहे." आणि ती हसायला लागली, ॲप्रन तोंडाला लावून. "काय करते सांगू? दाराच्या मागे लपते आणि बापाचा दरवाजा काढते. तोंडानं हो! मी वेडी हातातलं टाकून धावते, बघते तर ही! क्लोव्हिस येतो तो मागाहून. रोज फसवते मला." मी कप खाली ठेवला. थोडी कॉफी बशीत सांडली. "मी जरा बाहेर जाऊन येतो," मी म्हणालो. "या की. आणि क्लोव्हिस भेटला वाटेत तर पाठवा त्याला."

मी पुढच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घालून गॅरेजशी आलो. ऊन डोक्यावर होतं. रंग लावलेला दरवाजा इतका पांढरा की बघवेना. मी त्याला हात लावला, तो कोरडा होता. माझ्या अंगावरचा शर्ट ओला होता, हवा ओली होती, कुंपण, गवत, पत्रपेटी, सगळं ओलं, तो एकटा कोरडा. वर गेला, काही न बोलता. मी आत उभा राहिलो, गाडीशेजारी, स्वयंपाकघराच्या बंद दारासमोर. घसा साफ केला. चर्चमध्ये गाताना मी ओठ हलवतो फक्त, आवाज काढत नाही, मला स्वतःचा आवाज सांगा म्हटलं तर सांगता येणार नाही. पहिल्यांदा नुसता खोकला आला. मग मी डोळे मिटले आणि पोटातून सुरू केलं, खालून, अगदी खालच्या कडेतून, जिथून तो प्यायचा. घुमवलं. मला वाटलं त्यापेक्षा मोठं झालं. मग वर चढवत नेलं, चढवताना तो कुठं फाटायचा ते माझ्या गळ्याला ठाऊक होतं, मला नव्हतं, तिथं तो फाटला, पातळ झाला, आणि मी टाच जमिनीवर आपटली. ठप्प. कुंपणापलीकडे गॅस्टननं तोंड वर केलं आणि जीव तोडून गायला लागला.

दार उघडलं. दार तिनं उघडलं.

काचा पांढऱ्या झाल्या. निळ्या ड्रेसमध्ये ती हसत उभी होती, एक हात हवेत. "आलास, शा? किती उशीर." मी पुढे होऊन तिच्या गालाला ओठ लावले. ती चष्मा काढायला लागली तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला. मी पुसतो, म्हणालो. माझ्या शर्टाला पुसत राहिलो, ओल्या शर्टाला, त्या काचा पुसल्या जात नव्हत्या आणि मला ते हवं होतं. "आत एक माणूस आहे," ती हळूच म्हणाली, माझ्या कानाशी. "तुझ्या ओळखीचा. दोन दिवस तुझी वाट बघतोय. भला आहे रे. एकटा असावा. दोन चमचे साखर घेतो. मी त्याला जेवायला घातलं, तू रागावू नकोस." मी म्हणालो, नाही रागावणार. मग तिनं हात पुढे केला, आणि मला चष्मा द्यावा लागला. तिनं तो घातला. माझ्याकडे बघितलं. मी हललो नाही. तिनं बराच वेळ बघितलं, आणि मग शर्टाची कॉलर सरळ केली, जशी ती रोज करते, करायची, आणि म्हणाली, "घामानं भिजलायस. हात धू."

मागे गाडीचं दार लागलं. रोशेल रस्त्यापासून गॅरेजकडे येणाऱ्या वाटेवर उभी होती. केव्हा आली होती कुणास ठाऊक. गॅस्टन अजून गात होता. तिच्या हातात केकचा खोका होता आणि तोंड किंचित उघडं होतं.

"उना, बघ, हा आला," युला तिला म्हणाली आणि आत गेली.

रोशेल पुढे आली. तिनं दरवाज्याच्या खालच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. "डॅडी," ती म्हणाली, "तो आवाज..."

"हवा दमट आहे," मी म्हणालो. "लाकूड फुगतं."

तिनं पांढऱ्या, कोरड्या, कुठंही न भिडणाऱ्या दरवाज्याकडे बघितलं. तिचे ओठ थरथरले. ती हसणार होती की काय होतं मला कळलं नाही. ती लहान होती तेव्हा दारामागून बाहेर येताना असाच चेहरा असायचा. "हो," ती म्हणाली. "ममानं तुम्हाला ओळखलं." "हो." "लगेच ओळखलं." "हो," मी म्हणालो. "आवाजाबरोबर." आम्ही आत गेलो. गार हवा अंगावर आली. मी सिंकशी हात धुतले, माझा मग सुलटा करून ठेवलेला होता, त्यातून वाफ येत होती, बिनसाखरेची. युला केक कापायला सुरी शोधत गुणगुणत होती. टेबलावर सोनेरी काठाचा कप तसाच होता, अर्धा, बशीत सांडलेली कॉफी वाळत चाललेली. मला त्याचं वाईट वाटलं. निरोप न घेता गेला होता, किंवा गेला नव्हता, इथंच कुठंतरी वळसा घालून येत होता, आणि आल्यावर त्याला काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. रोशेलनं पर्स खांद्यावरून काढली आणि बसायला खिडकीकडची खुर्ची ओढली.

"तिथं नको," मी म्हणालो. "तिथं तो बसतो."

रोशेल खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"कोण?" तिनं विचारलं. ती आईकडे बघत नव्हती.